निळं कार्ड

सकेआसी पडला तेव्हा अख्ख्या गावाला वाटलं, नारळाचं झाडच आडवं झालं. जमीन अशी हादरली की चटयांवर बसलेल्या बायकांच्या टोपल्यांतला उकडलेला कसावा वीतभर उडाला आणि परत जागच्या जागी बसला. त्या बेटावर हे आजही शपथेवर सांगतात.

रेफरी किटिओनेने शिट्टी फुंकली आणि तो धावला.

चूक कुणाचीच नव्हती. असलीच तर नव्या नियमाची. या मोसमापासून रग्बीत समोरच्या गड्याला धरायचं ते छातीच्या खाली; हात वर गेला की दंड. डोकी वाचावीत म्हणून काढलेला नियम. किटिओने रेफरी कडक, त्यामुळे सामना सुरू झाल्यापासून तो सगळ्यांना वाकायला लावत होता आणि शिव्या खात होता. "गडी पाडायचा की त्याच्या पायांना तेल चोळायचं, तेवढं तरी सांग!" असं सकेआसीनेच ओरडून विचारलं होतं. आणि मग शहाण्यासारखा वाकला, तर समोरच्याचा गुडघा सरळ त्याच्या कानशिलावर बसला.

आता तो उठून बसला होता आणि हसत होता.

नव्या नियमांतला दुसरा किटिओनेच्या खिशात होता. डोक्याला मार बसल्याचा नुसता संशय आला तरी रेफरीने निळं कार्ड दाखवायचं. गडी बाहेर, पुढचे तीन आठवडे खेळ बंद. पूर्वी हे ओझं डॉक्टरवर असे, आणि डॉक्टर नसला तर देवावर.

पलीकडे नीरफणसाच्या सावलीत फ्रान्सहून आलेला पाहुणा बसला होता. तो सकेआसीला बघायला आला होता आणि संध्याकाळच्या बोटीने जाणार होता. त्याच्या क्लबाने सकेआसीला नेलं, तर मथिऊच्या पोरांची शाळा चालू राहणार होती. मथिऊ म्हणजे सकेआसीचा थोरला भाऊ. गेल्या वादळाच्या आदल्या दिवशी मासे धरायला प्रवाळाच्या बांधाबाहेर, खोल समुद्रात गेला, तो आलाच नाही.

किटिओने गुडघ्यावर बसला. सकेआसी त्याचा आतेभाऊ. आते-मामेभावांनी एकमेकांना मेव्हणा म्हणायचं आणि जन्मभर टर उडवायची, ही तिथली रीत. सरळ उत्तर दिलं तर माणूस रुसलाय असं समजतात.

"मेव्हण्या, आपण कुठे खेळतोय?"

"तुझ्या सासुरवाडीत. म्हणून तर तुझी शिट्टी इतकी बारीक वाजतेय."

मैदान खो खो हसलं. किटिओनेची सासुरवाडी खरंच तिथे होती.

"शेवटचा ट्राय रेषेपार कुणी टेकवला?"

"तुझ्या आजीने. काय पळाली म्हातारी!"

बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. प्रशिक्षक वाइसाके काठी टेकत आत आला. "बघ, जीभ शाबूत आहे त्याची! चल, शिट्टी मार."

किटिओनेलाही हसू आलं. त्याने उठता उठता विचारलं, "आणि आता बॉल मिळाला, तर देणार कुणाला?"

"मथिऊला. डावीकडे मोकळाच उभा आहे की तो."

लांबचे लोक सवयीने हसले. जवळचे गप्प झाले. तिथल्या थट्टेला कशाचंच वावडं नाही. पण समुद्राने नेलेल्यांची थट्टा कुणी करत नाही.

"मस्करी करतोय रे तो," वाइसाके म्हणाला, पण हळू.

किटिओनेने सकेआसीच्या डोळ्यांत पाहिलं. तिथे कुठेतरी खोडी लपलेली असावी म्हणून तो बघत राहिला. एवढ्या मनापासून त्याने आयुष्यात कुणाच्या मस्करीची वाट पाहिली नव्हती. सकेआसी मात्र त्याच्या खांद्यावरून डाव्या कोपऱ्याकडे बघत होता, आणि हात वर करून कुणाला तरी 'थांब, आलोच' म्हणत होता.

किटिओनेने कार्ड काढलं.

नीरफणसाखालचा पाहुणा उठला आणि आपले बूट शोधू लागला.

किटिओनेने सकेआसीला हाताला धरून त्याच्या आईच्या चटईपर्यंत नेलं. आत्या आता उभ्या गावासमोर आपल्याला सोलणार, हे त्याला ठाऊक होतं. त्याने मान खाली घातली.

"बोल आत्या, काय बोलायचं ते."

आत्याने लेकाचं डोकं मांडीवर घेतलं.

"त्याला झोपू देऊ नकोस," किटिओने म्हणाला. "बोलतं ठेव."

तिने मान डोलावली. मग ओणवी होऊन, चोरट्या आवाजात विचारलं, "सकेआसी, कसा दिसतोय रे मथिऊ? बारीक झालाय का?"

"नाही गं. आहे तस्साच आहे. भिजलाय फक्त."

किटिओने तिथून हलायचं विसरला. आत्याने लेकाच्या गालाखाली हात घातला आणि त्याला नीट दिसावं म्हणून त्याचं डोकं हळूच आणखी थोडं डावीकडे वळवलं.