एकेक तपासून

बॉनेट उघडण्याआधीच गाथोगोला ठाऊक होतं, काय बिघडलंय ते.

सिस्टर वांगेचींची जुनी पिजो गाडी त्याच्या गॅरेजच्या शेडखालच्या चढावर बंद पडली होती. मागच्या बाकावर न्याकियो आडवी होती. पहिलटकरीण, रात्रीपासून कळा देत होती. तिचा नवरा मुरीऊकी धावत वर आला होता आणि गाथोगोला दंडाला धरून खाली घेऊन आला होता.

"स्टार्टर फिरतोय, पण गाडी पकडत नाही," सिस्टर म्हणाल्या. "बाळ आडवं आहे रे. माझ्या हातून नाही व्हायचं हे. मोठ्या दवाखान्यात न्यायलाच हवं. बघ लवकर."

कंडेन्सर. अंगठ्याएवढी पत्र्याची डबी, पण ती गेली की प्लगला ठिणगीच मिळत नाही. मागच्या आठवड्यात सिस्टरनी गाडी त्याच्याकडे दिली, तेव्हा नैरोबीहून मागवलेला नवाकोरा कंडेन्सरही हातात ठेवला होता. तो त्याने स्वतःच्या गाडीला बसवला. शनिवारी मेहुणीच्या सोयरिकीला जायचं होतं, आणि तालुक्याच्या दुकानात माल नव्हता. सिस्टरच्या गाडीत त्याने खोक्यातला जुनाच लावून दिला. पुढच्या आठवड्यात बदलू, कुणाला कळतंय! सोयरिकीहून परतताना त्याच्याच गाडीचा मागचा धुरा मोडला. तेव्हापासून ती शेडमागे दगडांवर उभी होती, आणि सिस्टरचा कंडेन्सर तिच्यातच होता.

सरळ त्यालाच हात घातला, तर सिस्टर विचारणार, नवाच होता ना? म्हणून त्याने आधी बॅटरीच्या तारा आवळल्या.

मग प्लगची वायर काढून इंजिनच्या लोखंडाजवळ धरली. उन्हात ठिणगी दिसणार नाही म्हणून मुरीऊकीने अंगातला कोट काढून वर सावली धरली. सिस्टरनी किल्ली फिरवली. कोटाखाली काहीच चमकलं नाही.

"करंटच येत नाही," गाथोगो म्हणाला, जणू आत्ताच कळलं.

मग कॉइलला तपासणीचा दिवा लावून पाहिला. दिवा लागला. मग प्लगांना करंट वाटणाऱ्या डेल्कोचं झाकण काढून आतले पॉइंट कानशीने घासले. पुन्हा किल्ली, पुन्हा कोट. मुरीऊकीचे हात भरून आले होते, तरी त्याने कोट हलू दिला नाही. इतका वेळ दात आवळून पडलेली न्याकियो किंचाळली.

"गाथोगो!" सिस्टर ओरडल्या.

"बघतोय ना, सिस्टर. एकेक बघावं लागतं."

न्याकियो पुन्हा किंचाळली. या वेळी मध्येच तिचा आवाज तुटला. गाथोगोच्या हातातली कानस खाली पडली.

"कंडेन्सर असेल," असं पुटपुटत तो शेडमागे पळाला. स्वतःच्या गाडीतून तो काढताना स्क्रू दोनदा मातीत पडला. परत येऊन त्याने कंडेन्सर बसवला, आणि कोटाखाली निळी ठिणगी कडाडली. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं.

"कुठे मिळाला?" सिस्टरनी विचारलं.

"होता एक पडलेला."

"देवानेच ठेवला होता बघ," त्या म्हणाल्या, आणि गाडी चढ चढून गेली.

पाच मिनिटांच्या कामाला पाव तास लागला होता.

न्याकियो वाचली. पोट कापून काढलेला मुलगा रडलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सिस्टर शेडपाशी थांबल्या. गाडीतून उतरल्या नाहीत. "डॉक्टर म्हणाले, जरा आधी आला असतात तर," त्या समोरच्या काचेकडे बघत म्हणाल्या. "मीच पहाटे निघायला हवं होतं. फिरेल बाळ, फिरेल, म्हणत वाट बघत बसले. तीस वर्षं बाळंतपणं करतेय, आणि मला कळू नये?"

"सिस्टर..."

"काय?"

गाथोगोने हातातल्या फडक्याने हात पुसले. ते आधीच कोरडे होते.

"काही नाही. पॉइंट एकदा नीट बघून देतो."

आठवड्याने मुरीऊकी आला. सायकलवर बटाट्यांचं पोतं होतं. त्याने ते उतरवलं, नको नको म्हणणाऱ्या गाथोगोला बाजूला सारून शेडच्या आत नेऊन ठेवलं आणि घाम पुसत उभा राहिला.

"न्याकियो रात्र रात्र विचारते, कुणाचं काय चुकलं," तो म्हणाला. "मी तिला सांगितलं, मी तिथेच कोट धरून उभा होतो. मिस्त्रींनी एकेक करून सगळं तपासलं. काही म्हणता काही बाकी ठेवलं नाही."