अर्धी चंदी

पाचगणीच्या चढावर मैना घोडी गुडघ्यांवर कोसळली. पाठीवरचं गिऱ्हाईक शिव्या देत पायीच निघून गेलं. तिचा मालक यासीन यानं चाबूक उचलला. घोडीची कातडी फाटून रक्त आलं तरी तो थांबेना.

चहाच्या टपरीवरून त्याची बायको जुलेखा धावत आली. तिनं चाबूक हिसकावला आणि सगळ्या घोडेवाल्यांसमोर त्याच्याच खांद्यावर ओढला.

“पावसाळ्यात धंदा नव्हता, तेव्हा तिला हरभऱ्याची चंदी अर्धीच घातलीत. आता ओझं मात्र पुरतं मागताय?”

यासीननं जुलेखावर हात उगारला, पण नजर घोडीकडे गेली; ती अजून उठत नव्हती. तो तिच्याजवळ मटकन खाली बसला.

दुसऱ्या दिवशी मैना तबेल्यातच राहिली. यासीन बाजारात हमालीला गेला. संध्याकाळी सुजल्या खांद्यावर हरभऱ्याचं पोतं घेऊन तो आला आणि घराआधी तबेल्यात शिरला.