शेवटची पट्टी

झोर्नित्साची पट्टी भरली आणि तिने पडद्यावर पाहिलं. रांगेलची पट्टी पुन्हा सगळ्यांच्या मागे. सामना लोड होताना प्रत्येक खेळाडूची एक पट्टी दिसते, आणि सगळ्यांच्या भरल्याशिवाय खेळ सुरू होत नाही. समोरचा संघ खोळंबला होता.

"रांगेल, तोवर कॉफी ठेवू का?" हेडफोनमध्ये बोयकोचा आवाज आला.

"ठेव. साखर कमी घाल."

झोर्नित्सा हसली नाही. ती कप्तान होती. हा संघ तिच्या थोरल्या भावाने, वेसेलिनने, सगळ्यांच्या वेसोने, उभा केला होता. तो वारल्यापासून त्याच्या जागी ती खेळत होती. आणि स्पर्धेच्या संयोजकांनी आता निक्षून बजावलं होतं: रविवारी जो सामना खोळंबून ठेवील, त्याचं नाव संघातून कायमचं कापलं जाईल.

रांगेल तर कम्प्युटर दुरुस्तीचंच दुकान चालवायचा. संघातल्या इतरांच्या जुन्या डिस्क काढून नव्या, वेगवान डिस्क त्यानेच बसवून दिल्या होत्या. त्यांचे गेम आता चुटकीसरशी उघडत. मग याचाच का रखडावा? झोर्नित्साच्या मनात पाल चुकचुकली. वर तो सारखा मागे लागलेला, "तुझाही कम्प्युटर एकदा उघडू दे ना, झोरा. अर्ध्या तासाचं काम." तिने साफ नाही म्हटलं होतं. तो कम्प्युटर वेसेलिनने स्वतःच्या हाताने जोडलेला. त्याच्यानंतर त्यातल्या एका स्क्रूलाही तिने कुणाला हात लावू दिला नव्हता. तेव्हा तिला रांगेलची चिकाटी गोड वाटली होती. आता वाटू लागलं, याला माझ्या कम्प्युटरात घुसवायचंय तरी काय?

देवदूतांचा सण आला. रांगेल हे नाव देवदूतावरूनच आलेलं, म्हणून हा त्याच्या नावाचा दिवस. त्या दिवशी रुसे गावात कुणी कुणाला बोलावत नाही, पाहुणे आपणहून येतात, आणि आलेल्याला दारातून परतही पाठवत नाही. चॉकलेटचा डबा घेऊन झोर्नित्सा आणि बोयको त्याच्या घरी गेले. पेना मावशींनी, म्हणजे रांगेलच्या आईने, भट्टीतून काढलेला गरम पाव मोडला आणि एक तुकडा झोर्नित्साच्या हातात ठेवला.

"हा वेसोच्या नावाचा. घरी ने हं, बाळ."

रांगेल पाहुण्यांचे पेले भरत होता. झोर्नित्सा हळूच त्याच्या खोलीत शिरली. कम्प्युटर चालूच होता. तिने गेम उघडला. घेतलेला श्वास सोडेपर्यंत पट्टी भरलीसुद्धा.

ती वळली. दारात रांगेल उभा होता, हातात कोबीच्या पानात गुंडाळलेल्या सारम्यांची ताटली. मागे बोयको.

"तुझा तर डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडतो," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे सामन्यात तू मुद्दाम अडवून धरतोस."

"हो."

"कुणासाठी? कुणी फितवलं तुला?"

त्याने ताटली टेबलावर ठेवली. कोपऱ्यात तराजू धरलेल्या देवदूताच्या तसबिरीपुढे दिवा जळत होता. रांगेलने दिव्याची वात सारखी केली.

"रविवारी मला खेळू दे, झोरा. नाव कापायचं असेल तर माझं कापू देत. बाकी काही विचारू नकोस."

"वेसो तुला सख्ख्या भावासारखं मानायचा."

"म्हणूनच तर."

"ऐक याचं," बोयको म्हणाला. "चोर तो चोर आणि वर शिरजोर. काढ याला, कप्तान. सारम्या तेवढ्या खाऊन निघू."

तिने त्याला तिथेच, उभ्याउभ्या संघातून काढलं. सारमी खाल्ली नाही. पावाचा तुकडाही टेबलावर ठेवून आली.

रविवारी रांगेलच्या जागी क्रूम नावाचा नवा मुलगा होता. झोर्नित्सा भावाच्या कम्प्युटरसमोर ताठ बसली. कित्येक दिवसांनी मनावरचं मळभ गेलं होतं.

पट्ट्या धावू लागल्या. क्रूमची भरली. बोयकोची भरली. उरलेल्या दोघांच्याही पाठोपाठ भरल्या.

"चला," बोयको म्हणाला. "आता कोण राहिलं?"



टेबलाखाली वेसेलिनची जुनी डिस्क कुरकुरत होती. पडद्यावर एकच पट्टी अजून अर्ध्या वाटेवर होती. तिच्यावर झोर्नित्साचं नाव होतं, आणि आज तिच्या मागे थांबायला कुणी नव्हतं.