पहिला तांब्या

"आज कुनी पुढारी न्हाई आन् कुनी मागं न्हाई," आप्पा स्वतःच म्हणाले. चाळीस वर्षं गाव ज्यांच्या शब्दावर चाललं ते आप्पा देवळाचा ओटा सोडून सगळ्यांबरोबर सतरंजीवर बसले. "ज्यानं त्यानं घोट घ्यायचा, जी चव लागंल ती सांगायची. आधीपासनं मनात काय धरायचं न्हाई."

सरूबाईला भरून आलं. महिनाभर ती दारोदार हेच मागत फिरली होती. गावच्या विहिरीचं पाणी तिला कडवट लागत होतं, आणि नात राजनंदिनी पोट धरून अंथरुणाला खिळली होती. दौंडचा डॉक्टर म्हणाला, पाण्यानं असेल. नसेल तर पुण्याला न्या, पोट उघडून बघावं लागेल. त्या एवढ्याशा पोरीचं पोट! पाणी कडू की आपलीच जीभ कडू, एवढंच सरूबाईला कळायला हवं होतं. सरकारी माणसानं तपासायला नेलेल्या पाण्याच्या बाटलीचा पत्ता नव्हता. कुणी म्हणे भीमेचं पाणी झिरपतंय, कुणी म्हणे उसाच्या खतानं झालंय, कुणी देवीचा कोप म्हणे. आणि शेजारचा विक्रम म्हणे, सरूबाईचं तोंडच कडू, तिचं बोलणं ऐका म्हणजे कळेल. बरी थट्टा सुचते एकेकाला.

सविता, म्हणजे विक्रमची बायको, विहिरीचं ताजं पाणी शेंदून घेऊन आली. सरूबाईनं तांब्या भरला. आता तो कुठूनही फिरवता आला असता. पार कडेला टेकलेल्या म्हातारीपासून सुरू केला असता तरी कुणाचं काय जात होतं? पण हाताची सवय. चहा असो, पानसुपारी असो, लग्नातला टिळा असो, जन्मभर जे काही आधी गेलं ते आप्पांकडंच. सरूबाईनं डोईवरचा पदर सारखा केला, वाकली आणि पहिला तांब्या आप्पांच्या हातात दिला.

आप्पांनी घोट घेतला, तोंडात घोळवला. सगळ्यांच्या नजरा त्यांच्या मिशांवर.

"गोड हाय की," आप्पा म्हणाले.

मग काय विचारता! तांब्या फिरत गेला आणि चव आधीच ठरून गेली. "गोड." "गोडच हाय." पलीकडं बसलेल्या कोंडिबाचं तोंड घोटासरशी वाकडं झालेलं सरूबाईनं आपल्या डोळ्यांनी पाहिलं. त्यानं गिळलं, मिशी पुसली आणि म्हणाला, "नारळपानी हाय निस्तं." सविता खाली बघून म्हणाली, "गोड हाय." याच विहिरीचं पाणी टाकीतून नळाला यायचं, आणि रोज सकाळी नळावर तीच तर चूळ थुंकून नाक मुरडायची. नंदीबैलाला निदान गुबुगुबु वाजवून विचारावं तरी लागतं. थोड्या वेळात माणसं उठली, सतरंजी झटकून झाली.

सरूबाई तांब्या उचलायला मागं राहिली. आप्पा घरी न जाता देवळाच्या पायरीला टेकून बसले होते.

"सरूबाई," त्यांनी आवाज खाली आणला. "तू खरं सांग. कडू व्हतं व्हय?"

"तुम्ही पिलात की, आप्पा."

"पिलो. पन मला चवच कळत न्हाई. मागल्या दुखण्यापासनं गूळ आन् माती एकच."

"मंग गोड कशापायी म्हनलात?"

"तांब्या तू माझ्याच हातात दिलास. कायतरी बोलावं तर लागतंच. म्हनलं, एवढी मानसं हायती, म्होरं कुनीतरी खरं सांगंल."

सरूबाईला राग आला, पण तो धरावा कुणावर? तांब्या तर तिच्याच हातानं गेला होता.

"उद्या परत बसवू समद्यांना," आप्पा म्हणाले. "मी कडू म्हनतो."

"म्हना की. मंग समदी कडू म्हनतील."

आप्पा पायरीचा आधार घेत उठले आणि घराकडं निघाले.

तांब्याच्या तळाशी घोटभर पाणी उरलं होतं. सरूबाईनं ते तोंडात घेतलं आणि डोळे मिटून जिभेवर धरलं. कडू वाटलं. मग वाटलं, गोडच असेल. पलीकडं कुणीतरी विहिरीवरची, टाकी भरायची मोटर चालू केली तरी ती तशीच उभी होती, गिळावं का थुंकावं ते तिला ठरवता येईना.