रुग्णाची विनंती

फोन पाचव्यांदा वाजून वाजून बंद झाला. मोठ्या सिस्टरनी तो टेबलावर आपटलाच.

"उचलत नाहीत," त्या म्हणाल्या.

समोरच्या खाटेवर बांधकामावर विटा वाहणारी एक बाई पहाटेपासून कळा देत होती. बाळाचं डोकं अडकलं होतं आणि ठोके मंदावत चालले होते. सरकारी दवाखान्याची तरुण डॉक्टरीण हात धुऊन तयार होती. ऑपरेशनची खोली तयार होती. रक्ताची पिशवीसुद्धा कधी नव्हे ती वेळेवर आली होती. फक्त भूल द्यायला कुणी नव्हतं. ती जागा अकरा वर्षं रिकामी होती आणि बाहेरून बोलावलेले एकच डॉक्टर वार वाटून घेऊन तीन दवाखान्यांत पळापळ करत. सिस्टरनी इतके अर्ज केले होते, की वरच्या कार्यालयातला कारकून त्यांना अक्षरावरून ओळखायचा. उत्तर मात्र दर वेळी एकच यायचं, 'विचाराधीन'.

"समोर असतील," डॉक्टरीण म्हणाली. "तुम्हीच जा सिस्टर. माझ्याकडे फार वेळ नाही."

समोर म्हणजे रस्त्यापलीकडे. सिस्टर नोकरीला लागल्या तेव्हा तिथे दोन खाटांचं प्रसूतिगृह होतं. सिझेरियन दोन्हीकडे क्वचितच व्हायचं, आणि झालं की चार दिवस त्याचीच चर्चा. आता पलीकडे चार मजले उभे होते आणि दहातल्या आठ बायका पोटावर टाके घेऊन घरी जात होत्या. रस्त्याच्या अलीकडे, सरकारी दवाखान्यात, त्या चोवीस वर्षांत भिंतींना तेवढा नवा रंग लागला होता.

त्या तरातरा रस्त्यात उतरल्या. एका गाडीवाल्याने कर्कश हॉर्न वाजवला.

"वाजव बाबा, तेवढंच राहिलं होतं!"

भूल देणारे डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर हिरव्या कपड्यांत उभ्या उभ्या चहा पीत होते. माणूस वाईट नव्हता. सिस्टरना बघताच त्याचा चेहरा पडला.

"आत्ता कसा येऊ? दहा मिनिटांत इथली बाई टेबलावर घ्यायचीय. मधेच सोडून गेलो, तर उद्यापासून मला इथे कोण उभं करेल?"

"हिला काय झालंय?"

"काही नाही," ते कपात बघत म्हणाले. "सगळं उत्तम आहे."

सिस्टरचं डोकंच फिरलं. त्या सरळ त्या बाईच्या खोलीत शिरल्या. पलंगावर दिवस भरलेली एक तरुणी छताकडे बघत पडली होती. तिच्या सासूबाई इवलीइवली टोपडी कपाटात लावत होत्या. सिस्टरनी एका दमात सगळं सांगितलं.

"अहो, पण आम्ही पंधरा दिवस आधी वेळ घेतलीय," सासूबाई म्हणाल्या. "पाहुणे घरून निघालेसुद्धा."

"आणि त्या बाळाने वेळ घेतली नव्हती, हीच त्याची चूक ना?"

आवाज नको तितका चढला. बाहेरची दोन माणसं दारात येऊन उभी राहिली.

"जाऊ द्या डॉक्टरांना," पलंगावरून शब्द आले. "मला अजून कळासुद्धा नाहीत."

"अगं, पण…"

"आई, मी थांबते म्हटलं ना."

सिस्टरच्या मागोमाग दारापर्यंत आलेले डॉक्टर कप खिडकीत ठेवून धावत सुटले.

पाऊण तासाने सरकारी दवाखान्यात बाळ बाहेर आलं, मुलगी. ती रडेना. सिस्टरनी तिची पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या. मग तिने असा काही टाहो फोडला, की बाहेर बसलेली तिची आजी तोंडावर पदर धरून हुंदके देऊ लागली. डॉक्टरीण भिंतीला टेकून नुसती हसत राहिली.

दुपारी ड्युटी संपल्यावर सिस्टर पुन्हा रस्ता ओलांडून गेल्या. आभार तरी मानावेत, आणि एव्हाना झालेलं बाळही बघावं, असं त्यांच्या मनात होतं. पण तरुणी घरच्या कपड्यांत पलंगाच्या कडेला बसली होती. बॅग भरलेली होती. सासूबाई बाहेर फोनवर मुलाला फैलावर घेत होत्या.

"मुलगी झाली," सिस्टर म्हणाल्या. "दोघी सुखरूप आहेत. तुमचे उपकार आहेत."

"उपकार तुमचेच. वाट बघताना काही काम नव्हतं, म्हणून पहिल्यांदा स्वतःची फाईल वाचली."

तिने एका ओळीवर बोट ठेवलं. 'ऑपरेशनचं कारण : रुग्णाची विनंती.'

"मी कधी केली विनंती? इथले बाळंतपणाचे डॉक्टर परवा परदेशी चाललेत, घरी पाहुण्यांची सोय बघायचीय, म्हणून यांनीच तारीख ठरवली. मला मात्र वाटत होतं, बाळाला काहीतरी झालंय आणि सगळे माझ्यापासून लपवतायत. पंधरा दिवस डोळ्याला डोळा नाही माझ्या."

सिस्टरनी ती ओळ दोनदा वाचली. सकाळी या खोलीत शिरताना याच बाईच्या नावाने त्यांनी मनातल्या मनात किती बोटं मोडली होती! त्यांना खाली बघावंसं वाटलं.

"घरी चाललेय," ती उठत म्हणाली. "कळा आल्या, की समोर येईन. तुमच्याकडे. चालेल ना?"

इतक्या वर्षांत इथून सरकारी दवाखान्यात कुणीच आलं नव्हतं. सिस्टरना इतका आनंद झाला, की "या, या, खुशाल या" असं त्या म्हणूनही गेल्या. मग त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि वैतागून कपाळाला हात लावला.

"पण शक्यतो सोमवारी या बाई, नाहीतर गुरुवारी. भूल द्यायला आमच्याकडे तेवढे दोनच दिवस माणूस असतो."