अडखळणारी बांगडी

“अंगातलं जास्तीचं पाणी काढायची गोळी चालू आहे तोवर बांगडी अडखळली, की त्याच दिवशी येऊन सांगायचं,” डॉक्टर नाफडे म्हणाले होते, आणि यमूताईंनी तसं वचन दिलं होतं.

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला त्यांच्या हातातली ती बांगडी किणकिणायची. भजनी मंडळात अशा पाच बांगड्या होत्या, पण यमूताईंची लय इतकी संथ, की सगळ्याजणी तिच्यावरच टाळ धरत. आज मात्र अभंग दोनदा घसरला.

“पेटी चुकतेय,” यमूताईंची धाकटी जाऊ कुसुम म्हणाली.

“माझी पेटी? अगं, तुझ्या जावेचं हृदयच मात्रा खातंय!” पेटीवाल्या गोदाक्का म्हणाल्या, तशा सगळ्या हसल्या.

कुसुमने मात्र हळूच विचारलं, “ताई, यंदा चातुर्मासात काय सोडलंय?”

“केळी आणि नारळपाणी.”

“अहो, गोळीने पाण्याबरोबर पोटॅशियमही जातं म्हणून डॉक्टरांनी तेच रोज घ्यायला सांगितलंय ना?”

“आवडतं तेच सोडायचं असतं गं.”

“मग मला सोडायचं! मी काय नावडती आहे?”

यमूताई हसल्या, तोच छातीत एक ठोका हुकला आणि बांगडी क्षणभर गप्प झाली. त्यांनी समईपुढे हात जोडले.

“देवा, केळ्यांऐवजी चहा सोडते. तो जास्त आवडतो, तुला ठाऊकच आहे.”

आरती अजून व्हायची होती. त्यांनी आपले टाळ कुसुमच्या हाती दिले, चपला घातल्या आणि कोणाला हाक न मारता दवाखान्याच्या वाटेला लागल्या.