शलाकाचं चुकलेलं रीडिंग

चंद्रावरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाचं पहिलं प्रॅक्टिकल ठरलेलं होतं. घुमटाच्या जमिनीत पक्क्या रोवलेल्या कोनमापकाने तिथल्या ध्रुवताऱ्याची उंची मोजायची. उत्तर पुस्तकात छापलेलंच होतं, त्यामुळे पोरं उलटं गणित करून रीडिंगं लिहायची आणि गुरव सर डोळे झाकून सह्या ठोकायचे.

शलाकाच्या जर्नलवर मात्र त्यांचा हात थांबला.

“अगं, दोन अंशांचा फरक पडलाय. जरा जुळवून आण की!”

“सर, पुन्हा पुन्हा बघितलं. एवढंच येतंय. तारा जिथे दिसतो, तिथलंच लिहायचं ना?”

सर वैतागून उठले आणि त्यांनी स्वतः कोनमापकाला डोळा लावला. शलाकाचं बरोबर होतं. तारा तर जागचा हलत नाही, मग हललं काय? त्यांनी पायाखाली पाहिलं. जमीन खचत होती, आणि तिच्याबरोबर हवा धरून ठेवणारा अख्खा घुमट कलत होता.

तासाभरात सगळं कॉलेज शेजारच्या घुमटात सुखरूप पोचलं. तिथे सरांनी शलाकाच्या जर्नलवर सही केली, ती उभं राहून. बाकीच्यांच्या जर्नलांत जुना घुमट अजून ताठ उभा होता.